धरण मोठं, गाव अंधारात: ओढ्यावरच्या विजेचं आफ्रिकेतलं गणित

9 सप्टेंबर 2025 रोजी इथिओपियाने ब्लू नाईल नदीवरच्या आपल्या महाकाय धरणाचं उद्घाटन केलं. क्षमता 5,150 मेगावॅट, म्हणजे आपल्या अडीच कोयना. आफ्रिकेतलं हे सगळ्यात मोठं जलविद्युत केंद्र. आपल्याकडच्या बातम्यांत इजिप्तबरोबरचा पाण्याचा तंटा आला, धरणाची भिंत दिसली, आणि विषय संपला. पण त्या देशातल्या जवळपास निम्म्या लोकांच्या घरी वीजच नाही, आणि धरण सुरू झालं म्हणून ती दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात येत नाही.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत आज सुमारे 60 कोटी माणसं विजेविना राहतात. जागतिक बँक आणि आफ्रिकी विकास बँक यांनी 2030 पर्यंत त्यांतल्या 30 कोटींपर्यंत वीज पोचवायची मोहीम काढली आहे. तिचं नाव 'मिशन 300'. जानेवारी 2025 मध्ये दार-ए-सलामला त्यासाठी आफ्रिकेतल्या नेत्यांची परिषदही भरली. या मोहिमेत मोठ्या प्रकल्पांच्या जोडीला गावापुरती वीज तयार करणाऱ्या छोट्या व्यवस्थांनाही जागा आहे. डोंगरातल्या ओढ्यावर बसवलेलं जलविद्युत केंद्र ही त्यातलीच एक. ते चालतं कसं आणि अडतं कुठे, ते पाहू.

डोक्यावरून गेलेल्या तारा

काँगो देशात, काँगो नदीवर इंगा नावाचं ठिकाण आहे. जगातल्या सर्वांत जोरकस जलप्रवाहांपैकी एक तिथे आहे आणि त्यावर दोन मोठी केंद्रं 1972 आणि 1982 पासून उभी आहेत. तिथून देशाच्या दुसऱ्या टोकाला, कटांगातल्या तांब्याच्या खाणींपर्यंत सुमारे 1,700 किलोमीटर लांबीची उच्चदाब तार ओढली गेली. त्या तारेखाली असंख्य गावं आहेत, आणि त्यांच्यात अंधार आहे. गावकऱ्यांना ती तार रोज दिसते, पण तिच्यातून वीज घेता येत नाही. इतक्या दाबाची वीज घरात वापरण्याजोगी करायला जे उपकेंद्र लागतं, त्याचा खर्च एका गावाला कधीच झेपणारा नसतो. राजधानी एक्स्प्रेस गावाला खेटून धडधडत जाते म्हणून गावकऱ्याला तिच्यात चढता येत नाही, तसंच हे.

झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरचं करीबा धरण 1950च्या दशकात बांधलं, तेव्हा तोंगा समाजाच्या सुमारे 57,000 माणसांना झांबेझीचा काठ सोडावा लागला. वीज गेली खाणींना आणि शहरांना. उठवलेल्या गावांतल्या कितीतरी घरांत पुढची कित्येक दशकं दिवा लागला नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांना ही कहाणी समजावून सांगावी लागणार नाही.

म्हणजे वीज निर्माण होणं वेगळं आणि वीज घरात येणं वेगळं. मधला रस्ता खांब, तारा, रोहित्रं आणि मीटर यांचा असतो आणि तोच महाग पडतो. पन्नास घरांची वस्ती, घरटी रोजचा वापर पाव युनिट, आणि तिच्यासाठी तीस किलोमीटर तार ओढायची, तर ते पैसे कुठल्याच वीज कंपनीला परत मिळत नाहीत. त्यापेक्षा वस्तीजवळच वीज तयार केली तर?

बादली आणि विहीर

दहा लिटरची बादली दहा मीटर खोल विहिरीतून शेंदून पाहा. हाताला जो ताण जाणवतो, तेवढीच ऊर्जा ते पाणी पुन्हा दहा मीटर खाली पडताना परत देतं. ती किती? दहा वॅटचा एलईडी दिवा साधारण शंभर सेकंद जळेल इतकी. यंत्रात, तारेत काही वाया जातं, म्हणजे हातात एक मिनिटभराचा उजेड उरतो. मिनिटाला एक बादली, तर एक दिवा. जलविद्युतचं सगळं शास्त्र यात आलं.

आता ओढा घ्या. सेकंदाला शंभर बादल्या, म्हणजे हजार लिटर पाणी, दहा मीटर खाली येत असेल तर त्यातून साधारण 65 ते 70 किलोवॅट वीज मिळते. पाणी दहापटीने कमी, पण उतार शंभर मीटरचा, तरी उत्तर तेच. पाणी आणि उंची यांचा गुणाकार महत्त्वाचा. म्हणून डोंगरातला किरकोळ दिसणारा झरा सपाटीवरच्या रुंद नदीला भारी पडतो. पूर्व आफ्रिकेतला उंच पठारी पट्टा, केनिया पर्वताचे उतार, मलावीतला मुलांजे डोंगर, रवांडाच्या टेकड्या, युगांडातल्या रुवेन्झोरीचा पायथा या सगळ्या जागांना ते दान मिळालेलं आहे.

जाळीवरची पानं

छोट्या केंद्राला बहुतेक वेळा मोठं धरण लागतच नाही. ओढ्यावर कमरेएवढा बंधारा घालायचा, त्यातलं थोडं पाणी पाटाने वळवायचं, डोंगराच्या कडेकडेने जवळपास सपाटीवर न्यायचं, मग एका हौदात सोडायचं. हौदातून पोलादी किंवा प्लास्टिकच्या जाड नळातून ते थेट खाली उतरवायचं. खोपोलीला टाटांच्या जुन्या वीजघरावर घाटातून उतरणारे भले थोरले नळ ज्यांनी पाहिलेत, त्यांनी हे चित्र पाहिलंच आहे; फक्त ते शंभर पटीने लहान करा. नळाच्या तळाशी टर्बाइन, म्हणजे पाण्याच्या माऱ्याने फिरणारं चाक. चाकाला जनित्र जोडलेलं. काम झालेलं पाणी पुन्हा ओढ्यात. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत जातं फिरायचं, इथे जनित्र फिरतं.

उंची मोठी असेल तर चाकाला वाट्यांसारखे पेले असतात आणि पाण्याचा फवारा त्यांच्यावर आदळतो. उंची बेताची असेल तर वाकवलेल्या पट्ट्यांचं पिंप असतं, आणि पाणी त्यातून आरपार जातं. हा दुसरा प्रकार पत्रा कापून, वेल्डिंग करून साध्या कारखान्यात बनतो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण जे यंत्र जवळच्या गावात बनतं ते जवळच्या गावात दुरुस्तही होतं.

पाटाच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. पाण्याबरोबर वाहून आलेली पानं, काटक्या, गवत तिथे अडकतं. ते साचलं की पाणी कमी येतं आणि गावातले दिवे मिणमिणतात. म्हणून एका माणसाने दाताळं घेऊन ती जाळी साफ करायची. पावसाळ्यात दिवसातून कितीतरी वेळा, आणि रात्रीसुद्धा. पाटात साचलेला गाळ उपसायचा, कुठे काठ फुटला तर माती-दगडाने बुजवायचा. हे काम कुणी केलं नाही, तर उत्तमातलं उत्तम यंत्रही काही महिन्यांत बसतं.

दुसरी अडचण तोल सांभाळण्याची. विहिरीवर मोटेचा दोर तुटला की बैल एकदम पुढे झेपावतात. गिरणी अचानक बंद केली की टर्बाइनचंही तसंच होतं: ओझं उतरलं, वेग वाढला, विजेचा दाब चढला आणि लोकांचे दिवे उडाले. यावर उपाय म्हणजे भारनियंत्रक नावाची एक पेटी. गावात न लागणारी वीज ती त्याच क्षणी एका हीटरकडे वळवते, म्हणजे टर्बाइनवरचं ओझं कायम राहतं. मात्र त्या हीटरकडे किती वीज जाते, ते लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ तिथेच आहे.

छोटं म्हणजे किती?

यावर जगाचं एकमत नाही. भारतात 25 मेगावॅटपर्यंतचं केंद्र छोटं समजतात, चीनमध्ये 50 पर्यंतचं. आंतरराष्ट्रीय अहवालांत बहुधा 10 मेगावॅटची रेघ धरतात. 100 किलोवॅटच्या खालच्याला सूक्ष्म म्हणतात. त्या 10 मेगावॅटच्या व्याख्येने मोजलं तर आफ्रिकेत साधारण दहा हजार मेगावॅट मिळण्याजोगे आहेत, आणि त्याचा दहावा हिस्साही अजून उभा राहिलेला नाही.

चारशे घरं आणि एक गिरणी

समजा 100 किलोवॅटचं केंद्र बांधलं. पाणी रात्रंदिवस वाहतं, म्हणून ते दिवसाला 2,400 युनिट देऊ शकतं. गावात चारशे घरं आहेत. प्रत्येक घरात चार दिवे संध्याकाळी पाच तास, मोबाइल चार्जिंग, काही घरांत थोडा वेळ टीव्ही. घरटी रोजचा हिशोब पाव युनिटच्या आसपास येतो. चारशे घरांचे मिळून शंभर युनिट. उरलेले 2,300 युनिट त्या हीटरमध्ये जातात, नाहीतर पाणी तसंच ओढ्याने निघून जातं. बिलं मात्र शंभर युनिटांचीच येणार. त्यातून जाळी साफ करणाऱ्याचा पगार, बेअरिंग, नळाची दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता भागवायचा.

आता मक्याची गिरणी घ्या. झांबियात आणि मलावीत मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, न्शिमा, हेच रोजचं जेवण. डोक्यावर मका घेऊन डिझेलच्या गिरणीपर्यंत चालत जाणं हे बायकांच्या रोजच्या आयुष्यातलं मोठं काम. 15 किलोवॅटची विजेची गिरणी दिवसात आठ तास चालली तर 120 युनिट घेते. एक गिरणी चारशे घरांपेक्षा जास्त वीज विकत घेते! आणि तीही दुपारी, जेव्हा घरातले दिवे बंद असतात.

छोट्या जलविद्युतबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर मी ही सांगेन. केंद्र जगतं ते दिवसाच्या गिऱ्हाइकावर. गिरणी, सुतारकाम, वेल्डिंगचं दुकान, दूध थंड करणारी टाकी, चहाचा कारखाना, रुग्णालय यांपैकी काहीतरी आधी ठरवायचं आणि मग टर्बाइन आणायचं. आपण मात्र 'इतक्या घरांना जोडण्या दिल्या' या आकड्यावर टाळ्या वाजवतो.

केनियातल्या म्बुइरू गावच्या लोकांनी हे ओळखलं होतं. 2000च्या आसपास तिथे तुंगू-कबिरी नावाचं अवघं 18 किलोवॅटचं केंद्र उभं राहिलं. सुमारे दोनशे कुटुंबांनी अंगमेहनत घातली आणि केंद्राचे भाग, म्हणजे शेअरही विकत घेतले. एवढ्याशा विजेतून घराघरात तार न नेता ती आधी एका छोट्या बाजारपेठेला दिली, जिथे वेल्डिंग, बॅटरी चार्जिंग, केशकर्तनाची दुकानं चालतील. घरी दिवा लावायचा मोह आवरून असं ठरवणं सोपं नसतं.

केनियातल्या चहा उत्पादकांची गोष्टही याच वाटेची. तिथे सहा लाखांच्या आसपास छोटे शेतकरी एकाच संस्थेच्या छत्राखालच्या कारखान्यांना पानं घालतात. चहाला पाऊस आणि उंच उतार लागतो, म्हणजे जिथे चहा तिथेच ओढे. कारखान्यात पान सुकवायला, चुरायला, वाळवायला भरपूर वीज लागते. गुरा नदीवर 5.8 मेगावॅटचं केंद्र उभारून चार चहा कारखान्यांची गरज भागवली आणि उरलेली वीज राष्ट्रीय वाहिनीला, म्हणजे देशभरच्या वीजतारांच्या जाळ्याला, विकायची सोय केली. पक्कं गिऱ्हाईक आधीपासून दारात असेल तर बँकही कर्ज द्यायला तयार होते.

झांबियाच्या वायव्य टोकाला, झांबेझीचा उगम होतो तिथून जवळ, कालेने हिल इथे शतकाहून जुनं मिशन रुग्णालय आहे. त्याच्यासाठी आणि आसपासच्या वस्तीसाठी 2007च्या सुमारास झेंगामिना हे 700 किलोवॅटचं केंद्र देणग्यांतून बांधलं गेलं. खर्च सुमारे 30 लाख डॉलर. रुग्णालय, शाळा, दुकानं, घरं जोडली. तरी निम्म्याहून जास्त वीज वापरावाचून राहायची. शेवटी बिटकॉइन हे डिजिटल चलन मिळवणारे संगणक भरलेले कंटेनर एका कंपनीने तिथे आणून ठेवले. ते उरलेली वीज विकत घेऊ लागले, आणि केंद्राच्या कमाईचा जवळपास 30 टक्के भाग त्यांच्याकडून येऊ लागला.

हे वाचून अनेकांना राग येतो. गरीब गावच्या विजेवर परदेशातल्या श्रीमंतांची नाणी का पिकवायची? मलाही हे मनापासून आवडत नाही. पण ती वीज कुणाच्या तोंडचा घास काढून दिलेली नाही, ती वायाच जात होती. माझ्या मते अशा गिऱ्हाइकाला भाडेकरूसारखं ठेवावं. घरच्या मुलाला खोली लागली की भाडेकरूने जागा सोडायची, आणि हे करारात आधीच लिहिलेलं असावं. गिरण्या वाढल्या तरी कंटेनर हलत नाहीत असं झालं तर मात्र तो अन्याय होईल.

"सौर पॅनल इतके स्वस्त झाले, मग हे कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. सपाट, कोरड्या मुलखात, विखुरलेल्या वस्तीत सौर पॅनलच लावावेत. तिथे ओढा शोधत बसण्यात अर्थ नाही. पॅनल आठवड्याभरात बसतो, ओढ्यावरच्या केंद्राला काही वर्षं लागतात. पण सूर्य मावळला की पॅनलला बॅटरी लागते आणि ती काही वर्षांनी बदलावी लागते. गिरणीची किंवा करवतीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते. छोट्या सौर संचाला तो झटका सोसत नाही. ओढा रात्रीही वाहतो, आणि नीट राखलेलं केंद्र तीस-चाळीस वर्षं सहज चालतं. जिथे उतार आणि बारमाही पाणी दोन्ही आहे तिथे ते सोडून देणं मला पटत नाही. पावसाळ्यात ढगाळ असतं तेव्हा ओढा भरलेला असतो, उन्हाळ्यात ओढा आटतो तेव्हा ऊन असतं. दोन्ही जोडून चालवता येतात.

"दुष्काळ पडला तर?"

2024 मध्ये झांबियाने हे भोगलं. पाऊस दगा देऊन गेला, करीबाच्या जलाशयात वीजनिर्मितीपुरतं पाणी उरलं नाही, आणि ज्या देशाची बहुतेक वीज पाण्यापासून येते तिथे दिवसाचे सतरा-सतरा तास, काही वेळा त्याहूनही जास्त वीज जाऊ लागली. फेब्रुवारीच्या शेवटी सरकारने राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. शहरातली माणसं स्वयंपाकासाठी पुन्हा कोळशाकडे वळली.

ओढ्यावरच्या केंद्राकडे साठाच नसतो, म्हणून कोरड्या महिन्यांचा फटका त्याला थेट बसतो. त्याचं क्षमतेचं गणित भर पावसातल्या पाण्यावर मांडणं ही सगळ्यात मोठी चूक. कोरड्या ऋतूच्या अखेरीस, झांबियात ऑक्टोबरच्या सुमारास, ओढ्यात किती पाणी उरतं ते अनेक वर्षं मोजलेलं असावं लागतं. पुष्कळ ओढ्यांवर अशी मोजणी कधी झालेलीच नाही, किंवा जुनी मोजकेंद्रं बंद पडली आहेत. वरच्या पाणलोटातली झाडी तोडली तर उरलेलंही जातं. वायव्य झांबियात 'दांबो' नावाच्या पाणथळ गवताळ खोलगट जागा असतात. त्या पावसाचं पाणी स्पंजासारखं धरून हळूहळू सोडतात. दांबो नांगरली की ओढ्याचं कोरड्या दिवसांतलं पाणी घटतं. वीजघर राखायचं तर दांबो राखावी लागते.

पुराचा धोका वेगळा. जानेवारी 2022 मध्ये ॲना वादळाने मलावीतलं कापिचिरा हे सुमारे 130 मेगावॅटचं केंद्र बंद पाडलं, आणि देशाच्या विजेचा मोठा हिस्सा एका रात्रीत गेला. छोटी केंद्रंही पुरात वाहून जातात. पण वीस ओढ्यांवरची वीस केंद्रं एकाच रात्री जाणं त्या मानाने कठीण.

"छोटं आहे म्हणजे नदीला त्रास नाही ना?"

असतो. बंधारा आणि वीजघर यांच्यामधला ओढ्याचा पट्टा कोरडा पडू शकतो. मासे वर चढू शकत नाहीत, खालच्या शेताचं पाणी तुटतं. किती पाणी ओढ्यातच सोडायचं ते परवान्यात आकड्याने लिहायला हवं आणि कोरड्या महिन्यांत कुणीतरी जाऊन बघायला हवं. एकाच नदीवर ओळीने आठ केंद्रं बांधली तर 'छोटं' या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

"सरकारी लाइन आली की काय?"

गुंतवणूक करणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती याचीच. आज गावात केंद्र बांधलं आणि पाच वर्षांनी स्वस्त सरकारी वीज दारात आली, तर गिऱ्हाईक पळणार. टांझानियाने 2008 पासून छोट्या वीज उत्पादकांसाठी नियमांची जी चौकट घडवली, तिच्यात यावर विचार आहे. मोठी वाहिनी आली तर छोटा उत्पादक तिला ठरलेल्या दराने वीज विकू शकतो, किंवा तिच्याकडून घेऊन गावात वाटू शकतो. मुफिंडी भागातलं 4 मेगावॅटचं म्वेंगा केंद्र चहाच्या कंपनीला, आसपासच्या गावांना आणि राष्ट्रीय वाहिनीला अशी तिन्हीकडे वीज देतं. तीन गिऱ्हाइकं, म्हणून एक रुसलं तरी केंद्र बसत नाही.

युगांडाने 2013 मध्ये जर्मन विकास बँकेच्या मदतीने दुसरा मार्ग धरला. 1 ते 20 मेगावॅटच्या केंद्रांना प्रत्येक युनिटमागे ठरलेल्या दरावर वर थोडी रक्कम, तीही सुरुवातीच्या वर्षांत, म्हणजे कर्जाचा बोजा जास्त असतानाच. त्यातून बरीच खासगी केंद्रं उभी राहिली. पण काही ठिकाणी केंद्र तयार आणि वीज वाहून नेणारी तार अपुरी, असं झालं.

"गावाने शहरापेक्षा जास्त दर का द्यायचा?"

झेंगामिनाचा हिशोब किलोवॅटला चार हजार डॉलरच्या पुढे जातो. असा खर्च फेडायचा तर युनिटचा दर राजधानीतल्या दरापेक्षा बहुधा जास्त येतो, आणि 'गरिबाला महाग वीज' ही ओरड सुरू होते. मग दबावाखाली दर खाली आणतात. वर्षभर सगळे खूश असतात. मग बेअरिंग जातं, गल्ल्यात पैसे नसतात, जाळीवरचा माणूस पगाराविना निघून जातो आणि केंद्र बंद.

या तुलनेत एक गोष्ट लपते. राजधानीतला दर स्वस्त दिसतो, कारण तोट्यातली वीज कंपनी सरकारी पैशावर तगलेली असते, आणि तो पैसा ज्याच्या घरी तार आली आहे त्याच्याच वाट्याला जातो. तार नसलेलं गाव रॉकेलला, टॉर्चच्या सेलला आणि मोबाइल चार्ज करून देणाऱ्या दुकानदाराला पैसे मोजतच असतं, आणि उजेडाच्या हिशोबाने ते राजधानीच्या कितीतरी पट पडतात. शहरातल्या युनिटमागे सरकार जेवढा भार उचलतं, तेवढाच ओढ्यावरच्या युनिटमागे उचलावा. मग गावाला शहराचा दर लागू करता येईल, आणि जाळी साफ करणाऱ्याचा पगारही निघेल.